ज्ञानव्रती समतायोद्धा : डॉ. विल्यम ड्युबॉइस

ज्ञानाची उपासना करणारे पुष्कळ असतात आणि अन्यायाविरुद्ध झगडणारेही पुष्कळ असतात. परंतु एकाच आयुष्यात ही दोन्ही व्रते अखेरच्या श्वासापर्यंत पाळणारी माणसे विरळाच. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे थोर विद्वान आणि नागरी हक्कांचे पुरस्कर्ते डॉ. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्युबॉइस हे अशा विरळा व्यक्तींपैकी एक होत. अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने हद्दपार झाली ती १८६५ मध्ये. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी ड्युबॉइस यांचा जन्म झाला. १९६३ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला, तेव्हा समान हक्कांसाठी लक्षावधी लोक वॉशिंग्टनच्या वाटेवर होते. या दोन टोकांमधील जवळजवळ शंभर वर्षांचा काळ म्हणजे त्यांचे चरित्र. सत्य नीट शोधून लोकांसमोर मांडले तर अन्याय आपोआप दूर होईल काय, हा एकच प्रश्न त्या चरित्राच्या मुळाशी आहे.

बालपण

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्याशा गावी २३ फेब्रुवारी १८६८ रोजी ड्युबॉइस यांचा जन्म झाला. आईचे माहेरचे बर्गहार्ट घराणे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्रपणे शेतीवाडी करून राहिलेले होते. वडील आल्फ्रेड हे मूल दोन वर्षांचे असतानाच घर सोडून गेले. आई मेरी हिने परक्यांच्या घरी कामे करून मुलाला वाढविले. पुढे तिला पक्षाघात झाला, तरी मुलाच्या शिक्षणात तिने खंड पडू दिला नाही.

गावात कृष्णवर्णीय कुटुंबे मोजकीच होती. गोऱ्या मुलांबरोबर खेळण्यात आणि शिकण्यात विल्यमला काही वेगळे वाटत नव्हते. एकदा शाळेतील मुलामुलींनी एकमेकांना भेटकार्डे देण्याची टूम काढली. नव्याने आलेल्या एका मुलीने विल्यमचे कार्ड घेण्याचे साफ नाकारले. कारण एकच, त्याच्या कातडीचा रंग. आपण आणि इतर मुले यांच्यामध्ये एक पडदा आहे, याची जाणीव त्या कोवळ्या मनाला त्या दिवशी प्रथम झाली. एखादे मूल अशा आघाताने कायमचे खचले असते. विल्यमने मात्र अभ्यासात सर्वांच्या पुढे जाण्याचा निश्चय केला. १८८४ मध्ये त्याने माध्यमिक शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर थोड्याच अवधीत मातृछत्र हरपले. गावातील शिक्षक आणि चर्चच्या मंडळींनी वर्गणी गोळा केली आणि या पोरक्या मुलाच्या उच्च शिक्षणाची सोय केली. वर्णभेदाची पहिली जखम ज्या गावाने दिली, त्याच गावातील सज्जनांनी त्याला पुढची वाटही दाखविली. ही दुसरी गोष्टही ड्युबॉइस कधी विसरले नाहीत.

विद्यार्जन

१८८५ मध्ये ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात दाखल झाले. गुलामगिरीतून नुकत्याच बाहेर आलेल्या समाजाचे जीवन त्यांनी तेथे प्रथम जवळून पाहिले. उन्हाळ्याच्या सुटीत ते आडवळणाच्या खेड्यांत शाळामास्तर म्हणून काम करीत. शिकण्याची भूक असलेली, परंतु शेतीच्या कामामुळे वर्गात येऊ न शकणारी मुले आणि कर्जात बुडालेले त्यांचे आईबाप त्यांनी तेथे पाहिले. पुस्तकांतून न मिळणारे हे शिक्षण पुढील साऱ्या आयुष्याची शिदोरी ठरली.

१८८८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, परंतु फिस्कची पदवी पूर्ण समकक्ष मानली नाही. म्हणून त्यांनी तेथे पुन्हा पदवी संपादन केली आणि १८९१ मध्ये एम. ए. पूर्ण केले. तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. मात्र बहुतेक गोऱ्या सहाध्यायांशी स्नेह जुळला नाही, आणि राहण्याची सोय त्यांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबात करून घेतली.

त्यांना जर्मनीत जाऊन अध्ययन करावयाचे होते. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर निधीचे प्रमुख म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हेज. परदेशी पाठविण्यायोग्य कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्याला आढळला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. ड्युबॉइस यांनी अर्ज केला. तो नाकारला गेला, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. पत्रांमागून पत्रे लिहून आणि आपल्या गुरुजनांची शिफारसपत्रे जोडून त्यांनी निधीला आपला निर्णय बदलावयास लावला. अखेर अर्धी रक्कम देणगी व अर्धी रक्कम कर्ज या रूपाने शिष्यवृत्ती मिळाली, आणि १८९२ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात पोहोचले. समाजाचा अभ्यास कल्पनेने करावयाचा नसतो, प्रत्यक्ष पाहणी व आकडेवारी यांच्या आधारे करावयाचा असतो, हा संस्कार त्यांनी तेथे घेतला. रंगावरून माणूस न मोजणारे लोकही त्यांना युरोपातच भेटले. मुदतवाढ न मिळाल्याने १८९४ मध्ये तेथील पदवीविनाच परतावे लागले.

१८९५ मध्ये हार्वर्डने त्यांना पीएच. डी. प्रदान केली. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत. आफ्रिकेतून होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचे प्रयत्न हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १८९६ मध्ये हार्वर्डच्या इतिहास ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नीना गोमर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

घरोघरी फिरणारा संशोधक

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांच्यावर फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीच्या पाहणीचे काम सोपविले. शहरातील गुन्हेगारीला आणि बिघडलेल्या कारभाराला हीच वस्ती कारणीभूत आहे, असा अनेक प्रतिष्ठितांचा ग्रह होता. विद्यापीठाने त्यांना हुद्दा दिला तो साहाय्यकाचा, आणि वर्गात शिकविण्याची संधी दिली नाही. नवविवाहित ड्युबॉइस दांपत्य सातव्या प्रभागातील त्या गलिच्छ वस्तीतच एका खोलीत राहू लागले. ड्युबॉइस यांनी एकट्याने सुमारे अडीच हजार कुटुंबांची दारे ठोठावली. कुटुंबात माणसे किती, मूळ गाव कोणते, कमाई काय, भाडे किती, शिक्षण कुठवर, अशी प्रत्येक गोष्ट त्यांनी नोंदवून घेतली.

१८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फिलाडेल्फिया नीग्रो' या ग्रंथाने प्रस्थापित समजुतींना धक्का दिला. दारिद्र्य व गुन्हे यांचे मूळ वंशात नाही. गुलामगिरीचा वारसा, खेड्यांतून शहरात झालेले स्थलांतर आणि बंद केलेले नोकरीधंद्याचे दरवाजे यांत ते आहे, हे त्यांनी साधार दाखवून दिले. शिकलेल्या तरुणालाही कारकुनी मिळत नाही आणि हमालीच करावी लागते, मग शिकावे तरी कशासाठी, हा त्या वस्तीतील प्रश्न त्यांनी समाजापुढे ठेवला. स्वतःच्या समाजातील दोषांवरही त्यांनी पांघरूण घातले नाही. समाजशास्त्रातील क्षेत्रीय अभ्यासाचा हा आरंभीचा मानदंड होय. ज्या विद्यापीठाने तेव्हा त्यांना अध्यापकाचे स्थान दिले नाही, त्याच विद्यापीठाने २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्माननीय प्राध्यापकपद दिले.

१८९९ : दोन आघात

१८९७ पासून ड्युबॉइस ॲटलांटा विद्यापीठात अध्यापन करू लागले. दरवर्षी एक विषय घेऊन कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयाचा, अशी मालिका त्यांनी चालविली. लोक अन्याय करतात ते अज्ञानामुळे, सत्य कळले की ते सुधारतील, अशी तोवर त्यांची निष्ठा होती.

एप्रिल १८९९ मध्ये ॲटलांटाजवळ सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. ड्युबॉइस यांनी संयत भाषेत एक निवेदन लिहिले आणि ते घेऊन ते वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले. वाटेतच त्यांना कळले की, त्या दुर्दैवी माणसाच्या बोटांचे सांधे पुढच्या एका किराणा दुकानात प्रदर्शनासाठी ठेवले आहेत. ते तेथूनच मागे फिरले. माणसे अशी मारली जात असताना थंड डोक्याने केवळ आकडे मांडीत बसणे शक्य नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा एकुलता एक मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने दगावला. शहरात गोरे डॉक्टर होते, परंतु त्यांचे उपचार कृष्णवर्णीय बालकासाठी नव्हते. ज्या मातीत असा भेद आहे, तेथे पुत्राला निजवावयाचे नाही, म्हणून त्या मातापित्यांनी त्याला ग्रेट बॅरिंग्टनला नेऊन दफन केले. हे दुःख नीनाबाईंच्या मनातून कधीच गेले नाही. ड्युबॉइस यांच्या लेखणीला मात्र या दोन आघातांनी वेगळीच धार आली.

लेखणी आणि संघटना

१९०० मध्ये लंडन येथे भरलेल्या पहिल्या अखिल आफ्रिकी परिषदेत त्यांनी भाग घेतला. विसाव्या शतकापुढील मुख्य प्रश्न वर्णभेदाचा असेल, असा इशारा तेथून जगाला देण्यात आला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी छायाचित्रे व रंगीत आलेख यांच्या साहाय्याने आपल्या समाजाची प्रगती मांडली आणि सुवर्णपदक मिळविले.

१९०३ मध्ये 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा त्यांचा सर्वांत गाजलेला निबंधसंग्रह प्रकाशित झाला. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या तुच्छतेने भरलेल्या नजरेतून पाहावे लागणाऱ्या माणसाच्या मनाची दुभंगलेली अवस्था त्यांनी त्यात उलगडून दाखविली. याच ग्रंथात त्यांनी त्या काळचे सर्वांत वजनदार कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी असलेला मतभेद निर्भयपणे मांडला. आधी कष्ट व हुन्नर यांच्या बळावर पोट भरावे, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त सोडावा, असे वॉशिंग्टन यांचे धोरण होते. त्यांच्या संस्थात्मक कार्याविषयी ड्युबॉइस यांना आदर होता. परंतु मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण या तीन गोष्टी सोडून मिळालेली भाकरी टिकत नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. या मतभेदामुळे श्रीमंत देणगीदारांचा रोष ओढवला आणि त्यांच्या संशोधनाला पैसा मिळणे दुरापास्त झाले.

१९०५ मध्ये नायगरा धबधब्यानजीक कॅनडाच्या हद्दीत २९ सहकाऱ्यांच्या बैठकीतून 'नायगरा चळवळ' सुरू झाली. तिच्याच विचारांतून, समविचारी गोऱ्या व कृष्णवर्णीय मंडळींच्या सहकार्याने, १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ती 'एनएएसीपी' या नावाने प्रसिद्ध आहे. १९१० मध्ये प्राध्यापकाची नोकरी सोडून ड्युबॉइस न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी संघटनेचे 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. १९१९ च्या सुमारास खप लाखाच्या घरात गेला.

जमावाने केलेल्या हत्यांची नोंद हे मासिक निर्भीडपणे करी. त्याचबरोबर पदवी संपादन केलेल्या तरुण-तरुणींची नावे, गोंडस बालकांची छायाचित्रे आणि नव्या कवी-लेखकांचे साहित्यही अगत्याने छापी. अन्याय सांगावा, पण समाजाला त्याच्या गुणांचा आरसाही दाखवावा, असे हे धोरण होते. पूर्व सेंट लुई येथील भीषण हत्याकांडाच्या निषेधार्थ २८ जुलै १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून हजारो स्त्री-पुरुष व मुले एक शब्दही न उच्चारता केवळ ढोलांच्या आवाजात चालत गेली. त्या मूक मोर्चाच्या अग्रभागी ड्युबॉइस होते.

भारताशी ऋणानुबंध

ड्युबॉइस यांची दृष्टी अमेरिकेपुरती मर्यादित नव्हती. आशिया व आफ्रिकेतील पारतंत्र्य आणि अमेरिकेतील वर्णभेद ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, असे ते मानीत. लाला लजपतराय अमेरिकेत असताना त्यांचा ड्युबॉइस यांच्याशी स्नेह जुळला. १९२८ मध्ये लिहिलेल्या 'डार्क प्रिन्सेस' या कादंबरीची नायिका त्यांनी भारतीय राजकन्या कल्पिली. १९२९ मध्ये त्यांनी महात्मा गांधींना पत्र लिहून संदेश मागितला. साबरमतीहून आलेला तो छोटा संदेश जुलै १९२९ च्या 'क्रायसिस'मध्ये छापला गेला. पूर्वज गुलाम होते याची लाज वाटण्याचे कारण नाही, लाज गुलाम बाळगणाऱ्यांची आहे, असा त्याचा आशय होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष मोलाचा प्रसंग १९४६ मधील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईहून ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि भारतातील अस्पृश्यांचा प्रश्न यांत त्यांना मोठे साम्य दिसत होते. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झालेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागविल्या. ३१ जुलै १९४६ रोजी ड्युबॉइस यांनी उत्तर पाठविले, निवेदन सोबत जोडले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी आपली सहानुभूती कळविली. दोन खंडांतील दोन ज्ञानव्रतींचा हा पत्रव्यवहार आकाराने लहान, परंतु अर्थाने फार मोठा आहे. पुढील वर्षी ड्युबॉइस यांच्या संपादनाखाली असेच एक विस्तृत आवाहन संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवले गेले. त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा त्या घटनेचे जागतिक महत्त्व सांगणारा लेख त्यांनी लिहिला.

इतिहासाचे शुद्धीकरण

१९३४ मध्ये संघटनेशी मतभेद झाल्याने त्यांनी 'क्रायसिस' सोडले. गोऱ्या समाजाचे दार उघडेपर्यंत थांबून न राहता कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभाराव्यात, हे त्यांचे मत संघटनेला मानवले नाही. ते ॲटलांटा विद्यापीठात परतले आणि १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा बृहद् ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. यादवी युद्धानंतरच्या काळात कृष्णवर्णीयांना मिळालेली सत्ता हा केवळ गोंधळ होता, असे तेव्हाच्या विद्यापीठांतून शिकविले जाई. त्याच काळात दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घातला गेला आणि लोकशाहीचा खरा प्रयोग झाला, असे ड्युबॉइस यांनी पुराव्यानिशी मांडले. विद्वानांनी बराच काळ या ग्रंथाकडे दुर्लक्ष केले. कालांतराने इतिहासकारांना त्यांचीच वाट स्वीकारावी लागली.

वार्धक्यातील अग्निपरीक्षा

१९४४ मध्ये विद्यापीठाने त्यांना सक्तीने निवृत्त केले. ते संघटनेत परतले, पण १९४८ मध्ये तेथूनही त्यांना दूर व्हावे लागले. अण्वस्त्रबंदीच्या मागणीसाठी सह्या गोळा करणाऱ्या एका शांतता केंद्राचे ते अध्यक्ष झाले. परकीय शक्तीचे हस्तक म्हणून नोंदणी केली नाही, असा आरोप ठेवून सरकारने १९५१ मध्ये त्यांच्यावर खटला भरला. ब्याऐंशी वर्षांच्या या वृद्ध विद्वानाला बेड्या घालण्यात आल्या. अनेक जुने सहकारी भीतीने दूर राहिले. याउलट शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष देण्याची तयारी दर्शविली. पुरावाच नसल्यामुळे नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. तरीही १९५२ पासून सुमारे सहा वर्षे त्यांना पारपत्र नाकारण्यात आले. ज्या आफ्रिकेच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, तेथील घाना देशाचा १९५७ मधील स्वातंत्र्यसोहळाही त्यांना पाहता आला नाही.

त्यांचे सारेच निर्णय बिनचूक होते, असे म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धात तक्रारी बाजूला ठेवून देशाला साथ द्यावी, हा त्यांचा सल्ला त्यांच्याच अनुयायांना पटला नव्हता. उत्तरायुष्यात साम्यवादी राजवटींवर त्यांनी ठेवलेला विश्वास आणि स्टालिन यांच्या मृत्यूनंतर केलेला गौरव तेथील जुलमांकडे डोळेझाक करणारा होता. सत्याच्या आग्रहासाठी जगलेल्या माणसाच्या चरित्रात ही उणीवही नोंदविणे सत्याला धरून होईल.

अखेरचा प्रवास

१९६१ मध्ये घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते त्या देशात गेले. आफ्रिकेचा समग्र ज्ञानकोश तयार करावा, ही त्यांची फार जुनी आकांक्षा होती. तिचा आरंभ त्यांनी त्र्याण्णवाव्या वर्षी केला. १९६३ मध्ये अमेरिकेने पारपत्राचे नूतनीकरण नाकारल्यावर त्यांनी घानाचे नागरिकत्व स्वीकारले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्ट रोजी, वॉशिंग्टन येथे अडीच लाखांच्या आसपास लोक समान हक्कांसाठी एकत्र आले. व्यासपीठावरून ड्युबॉइस यांच्या निधनाची वार्ता सांगण्यात आली, तेव्हा तो अफाट जनसमुदाय क्षणभर स्तब्ध झाला. पुढे १९६४ मध्ये नागरी हक्कांचा आणि १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा संमत झाला. १९०३ मध्ये त्यांनी ज्या मागण्यांसाठी एकाकी झुंज घेतली होती, त्यांनाच हे कायद्याचे रूप आले. २३ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांच्या कार्याला आदरांजली वाहिली. स्वतः किंग यांची हत्या त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच झाली.

सत्य सांगितले की अन्याय आपोआप मिटतो, ही ड्युबॉइस यांची तरुणपणीची समजूत अनुभवाने खोटी ठरली. तरी सत्याचा शोध त्यांनी थांबविला नाही, त्याला संघटनेची व निर्भयतेची जोड दिली. फिलाडेल्फियातील अडीच हजार दारे ठोठावणारा तरुण आणि आक्रा येथे ज्ञानकोशाची टिपणे करणारा वृद्ध या दोघांची निष्ठा एकच होती. माणसाविषयीचे अज्ञान हेच माणसावरील अत्याचाराला बळ देते, आणि ते दूर करण्यासाठी आधी अभ्यास व मग धैर्य लागते, हा त्यांच्या दीर्घ जीवनाचा बोध आहे. समतेच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक पिढीला तो मार्गदर्शक ठरेल. या ज्ञानव्रती समतायोद्ध्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.